पातळवालं आधी

जरीपटका, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

चि. प्रीतम यांस,

देवाजीचा जयभीम. कामठीला तुमचे आईवडील बरे असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत. रितिकाची मोठी बहीण रोशनी सध्या इकडेच आहे, हवापालटासाठी.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आमच्याकडे फोनला सगळ्यांचे कान असतात. शिवाय माझी सारी नोकरी टपालात गेली.

गेल्या रविवारी तुम्ही आलात आणि दारातच रितिकाच्या हातात पिशवी दिलीत. मला वाटलं संत्रा बर्फी असेल. निघाली पुस्तकं! एकाच लेखकाच्या तीन कादंबऱ्या, तिन्हींत जगण्याचा अर्थ शोधणं चाललेलं. मी सहज विचारलं, "यातलं आधी कोणतं वाचाचं वं?" रितिका म्हणाली, "पातळवालं. जाडं शेवटी." हे तिला कोणी शिकवलं, ते न कळण्याइतका मी भोळा नाही.

पातळवालं मीच उचललं. पहिल्याच प्रकरणात कामठीच्या बसचं तिकीट होतं. तिच्यासाठी मुद्दाम ठेवलेली खूण, दुसरं काय?

मला मनात वाचता येत नाही. वर्षावासात दरवर्षी विहारात ग्रंथवाचन मीच करतो, त्यामुळे पुस्तक हातात आलं की आवाज आपोआप लागतो. संध्याकाळी मांडी घालून खणखणीत सुरुवात केली. दुसऱ्या प्रकरणात नायक बायकोला न सांगता घर सोडतो, आणि लेखकाला त्याचं कौतुक! रोशनी भाजी निवडत होती, ती उठून आत गेली.

साक्षगंध पुढच्या महिन्यात आहे, अंगठ्या घालायच्या आहेत. होणाऱ्या नवऱ्याने होणाऱ्या बायकोला असं पुस्तक का द्यावं? सरळ विचारतो, तुमच्या मनात आहे तरी काय?

अजून तुमचा कोणी नसलेला,
देवाजी

*

जरीपटका
१८ ऑगस्ट

चि. प्रीतम यांस,

जयभीम. तुमचं उत्तर नाही. मी मात्र वाचन सोडलं नाही. काल एक वाक्य इतकं लांब निघालं की पान उलटताना माझा दम संपला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रितिकाने ते वाक्य पुरं केलं. पाठ होतं तिला!

"हे पुस्तक तुयं आहे?" मी विचारलं.

"तिन्ही माझेच आहेत, बाबा. मीच त्याले वाचाले देल्ले होते. तो वापस कराले आला होता."

"असं पुस्तक देल्लं काहून पण?"

"त्यातला माणूस न सांगता जाते ना. त्याचा प्रीतमले राग येते का, ते मले पाहाचं होतं. तो म्हणे, मस्त आहे पुस्तक."

तुमच्यावर आळ घेतला, ही माझी चूक. पण त्या तिकिटाचा अर्थ मला आता लागला. तुम्ही पहिल्या प्रकरणापुढे गेलाच नाहीत, आणि 'मस्त' म्हणून मोकळे झालात. तिकीट मी रितिकाला दाखवलेलं नाही.

आणखी एक. पुस्तकं तुमची नाहीत, हे एका ओळीत कळवता आलं असतं. तुम्ही रितिकाची बाजू सांभाळून गप्प राहिलात, की माझं पत्रही पहिल्या पानावरच राहिलं? मला पत्र न वाचल्याचाच संशय जास्त येतो.

हवापालटाचं मी खोटं लिहिलं. रोशनीचा नवरा एका सकाळी दूध आणायला म्हणून निघाला. पुढे कळलं, सुखरूप आहे, मनाची शांती शोधतो आहे. दोन वर्षं झाली. अजून दाराची कडी वाजली की सगळ्यांच्या आधी ती उठते. मला फार वाईट वाटतं हो.

पातळवालं सोबत पाठवतो आहे. शेवटपर्यंत वाचा, जमलं तर मोठ्याने. राग आला तर येऊन रितिकाला सांगा. नायकाचंच बरोबर वाटलं, तर तेही येऊनच सांगा, तिच्या तोंडावर. साक्षगंध मोडलं तरी चहा पाजून मी तुम्हाला बसपर्यंत सोडायला येईन.

फक्त न सांगता राहू नका. एक लेक दाराकडे बघत बसली आहे. दुसरीला मी बसू देणार नाही.

रोशनीचा आणि रितिकाचा बाप,
देवाजी