अच्युतची तिथी

११ सप्टेंबर १९८४
वृत्तपत्रातील मजकूर तीन ठिकाणी चुकला आहे. त्याची दुरुस्ती प्रथम करतो. माझा मुलगा अच्युत धरणात उतरला तो २० एप्रिलला, १९ला नव्हे. तो मासे धरण्यासाठी उतरला नव्हता. रात्री पाण्याखाली दिवा धरून तो नखाएवढ्या झिंग्यांची, गोगलगायींची छायाचित्रे घेत असे. आणि ‘मृतदेह सापडला’ हे तर धादांत असत्य आहे. देह अद्याप सापडलेला नाही.

आज त्याच्या धरणाकाठच्या भाड्याच्या घरी राहावयास आलो. घर हवेशीर आहे. शेजारी झेंडूचा मळा आहे. मळ्याच्या मालकीण झुंबरबाई भाकरी-पिठले घेऊन आल्या. “मास्तर, तुमचं पोरगं लय येडं! लोकं मासं खात्यात, ह्यो त्यांचे फोटू काढायचा,” असे म्हणून हसल्या. मीही हसलो. एप्रिलनंतर प्रथमच.

१२ सप्टेंबर
रामकुंडावरील गुरुजी म्हणतात, तिथी ठाऊक नसेल तर श्राद्ध सर्वपित्रीला करावे. मला ते मान्य नाही. अच्युत बेवारस नाही. त्या रात्री पावणेअकराला पंचमी संपून षष्ठी लागली. तो त्यापूर्वी गेला की नंतर, एवढेच मला ठरवावयाचे आहे.

त्या रात्री नावेत दोर धरून बसलेल्या सावळीराम नावाड्याच्या हाती आला तो केवळ दोराला अडकवलेला कॅमेरा. त्यातील फिल्म आज अच्युतच्याच अंधाऱ्या खोलीत धुतली. प्रत्येक चित्रात त्या इवल्या जिवाशेजारी त्याचे मनगट आहे. घड्याळावरून जिवाचा आकारही कळतो आणि तारीख-वेळही. ही शिस्त माझी. घड्याळही मीच दिलेले. ते किल्लीवर नव्हे, हाताच्या हालचालीवर चालते. अखेरच्या चित्रात अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. म्हणजे षष्ठी. पुढील फिल्म कोरी आहे.

समाधान वाटले.

१५ सप्टेंबर
षष्ठीचे श्राद्ध केले. पानाला कावळा शिवला नाही. दुपार टळेपर्यंत थांबलो आणि पिंड गोदावरीत सोडले. पोराचा जीव कशात तरी गुंतला असंल, असे झुंबरबाई म्हणाल्या.

१६ सप्टेंबर
कोऱ्या फिल्मवर एक चित्र उमटले आहे. मी स्वतः धुऊन वाळवलेली फिल्म!

उघडा तळहात. पांढराफटक, सुजलेला. त्यावर काळे तीळ लागलेली भाताची शिते, आणि ती खाणारे झिंगे. घड्याळात तारीख १५.

धरण रामकुंडाच्या वरच्या अंगाला आहे. सोडलेला पिंड उलटा चढत नाही.

घड्याळ चालू आहे. म्हणजे हात —

१९ सप्टेंबर
आणखी एक. झिंगे नखांखाली शिरलेले. मांडणी निर्दोष. तो नेहमीसारखेच नेटके काम करतो आहे.

शिते संपली आहेत. बोटे मात्र अजून तशीच पसरलेली —

मी जित्या मुलाचे —

२२ सप्टेंबर
सावळीरामला फिल्म दाखवली. त्याने हात जोडले. मास्तर, गावी जा, एवढेच म्हणाला. नाव मात्र काठालाच ठेवून गेला.

२४ सप्टेंबर, सर्वपित्री
शेवटची चौकट भरली. मनगटे दोन. दुसरे सुरकुतलेले. बोटात दर्भाची अंगठी —

माझे.

तारखा नीट लावून ठेवतो.

अच्युत उतरला : २० एप्रिल. १९ नव्हे.
श्राद्ध : १५ सप्टेंबर. चूक माझी. रद्द समजावे.
अच्युतचा मृत्यू : झालेला नाही.
त्यास आणावयास निघालो : २४ सप्टेंबर. वृत्तपत्राने २५ छापू नये.
वेळ : त्याच्या घड्याळाप्रमाणे —