पापणी, लिलाव आणि वापीचं इंजेक्शन

धाकटी डहाणू,
होळीच्या आधीचा आठवडा

सन्माननीय डॉक्टर रियाबाई (सुया टोचणाऱ्या नव्हे, पुस्तकातल्या) यांस, धाकटी डहाणूहून तुमच्या नर्मदा आत्याचा अर्ध्या तोंडाने आशीर्वाद. उरलेलं अर्धं तोंड हलत नाही, आणि तेही तुमच्याच सल्ल्याने, तेव्हा त्या बाजूचा आशीर्वाद मागू नये. बंगळूरची हवा मानवत असेल. तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर खुशाल असतील, त्यांची तरी तू रोज विचारपूस करत असशील. (तुम्हीचं तू झालं. होऊ दे. तुझं शेंबडं नाक मी पुसलंय.) मेसेज टाकला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. कागद टेबलावर पडून राहील, येता-जाता दिसेल, कधीतरी तुला लाज वाटेल, म्हणून पत्र.

आपल्या बंदरावर लिलावात गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नसतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. विसरली असशील तर आठवण देते. पांड्या लिलाववाला ढिगापाशी उभा राहून भाव पुकारतो, आणि ज्या बाईला माल हवा ती एक डोळा मिटते. बस. (जावा-जावा, नणंदा-भावजया एकाच ढिगावर टपलेल्या असतात. कोणी भाव चढवला हे कळलं तर संध्याकाळी एकीच्याही घरी चूल पेटायची नाही.) मिटलेला डोळा म्हणजे दिलेला शब्द, परत घेता येत नाही. माझी जागा खांबाला लागून, सासूबाईंनी हात धरून बसवलेली. तिथून पांड्याला माझा उजवा गाल दिसतो आणि बाकी कुणाला काही दिसत नाही. त्या जागेवर बसून मी घर चालवलं, माझ्या भाविकला शिकवलं, त्याचे वडील गेले तेव्हा तेरावं झाल्यावर तिथेच जाऊन बसले. माझं म्हणून या जगात जे काही आहे ते तेवढंच.

तर त्या उजव्या डोळ्यालाच गेल्या पावसाळ्यानंतर फडफड सुटली. सुरुवातीला मी कुठल्या तरी शकुनाचा विचार केला. शकुन बोंबलांचा निघाला. मला हवी होती पापलेटची एक टोपली, आणि पांड्याने माझ्या नावावर बोंबलांचा अख्खा ढीग मारला. दुसऱ्या दिवशी त्याहून कहर. सगळ्या बायका गप्प, आणि मी एकटी माझ्याच भावावर भाव चढवत होते. पांड्या पुकारतोय, डोळा मिटतोय, तो वर जातोय, डोळा परत मिटतोय. त्याला वाटलं म्हातारीला आज मोठं गिऱ्हाईक लागलंय. निर्मला (माझी जाऊ, तुला आठवत असेल, हसताना दात मोजून घ्यावेत अशी) ती बाजूला पदर तोंडात कोंबून उभी. घरी अंगण, गच्ची, गोठा, सगळीकडे बोंबील वाळत घातले.

मग तू फोनवर दिसलीस, आणि सुई घ्या म्हणून सांगून दहा मिनिटांत माझ्या तोंडाचा निकाल लावलास. रुपल, म्हणजे माझी सून, मला वापीला घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला रक्ताची नळी नसेवर टेकलीय म्हणून नस उगाच ओरडते, बेन, चिंता ना करो, आणि गालात बारीक बारीक सुया मारल्या. घरी आल्यावर ते औषध नसून विष आहे हे तू हसत हसत सांगितलंस. तू समजावलेलं मला कळलं नाही असं समजू नकोस. नसेच्या टोकाला निरोपाने भरलेल्या बारीक पिशव्या येऊन उभ्या असतात. पिशवीकडची प्रथिनं आणि भिंतीकडची प्रथिनं दोरीसारखी एकमेकांना पीळ घालतात. एक प्रथिन त्यांना पुरतं आवळू देत नाही, थांबवून धरतं. (असं एक माणूस प्रत्येक घरात असतं.) मग कॅल्शियम येतं, ते ओळखणारं दुसरं प्रथिन इशारा देतं, पीळ आवळतो, पिशवी भिंतीत मिसळते, निरोप स्नायूवर सांडतो आणि पापणी मिटते. हे सगळं होतं तेव्हा बाईला एक टोपली पापलेट मिळतं. वापीच्या विषाने त्यातली एक दोरीच कापली. तिच्या नावात पंचवीस आकडा आहे म्हणालीस. आधीच्या चोवीस कोणी कापल्या ते विचारायचं राहिलं. म्हणजे होडी धक्क्याला लागलेली, माल गच्च भरलेला, आणि उतरत काहीच नाही.

फडफड थांबली, खोटं कशाला बोलू. पण मिटणंही थांबलं. मी खांबाशी बसून जीव खाऊन डोळा मिटतेय आणि पांड्याला दिसतोय दगडी गाल. ढिगामागून ढीग निर्मलाच्या टोपलीत. डावा डोळा मिटायचा तर खांबाबाहेर तोंड काढावं लागतं. एकदा काढलं. नर्मदा या वयात लिलाववाल्याला डोळा मारते ही बातमी माझ्याआधी घरी पोचली, आणि पांड्याच्या बायकोने, भिकीने, आठवडाभर माझ्याकडे पाठ फिरवली. शेवटी न राहवून मी तोंडाने बोलले, हा ढीग माझा म्हणून. सगळं बंदर माझ्याकडे बघायला लागलं. पांड्याने मान खाली घातली आणि ढीग दुसरीला दिला. तलासरीला साखरपुड्याला गेले तिथे वेगळंच. मी मनापासून हसले, ते अर्धंच उमटलं, आणि मुलाच्या आईला वाटलं मी त्यांच्या मानपानाला नाक मुरडतेय.

आता खांबाशी रुपल बसते. मला कोणी उठवलं नाही, भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं होतं. एके सकाळी ती माझ्याआधी उठून गेली, आणि भाविक म्हणाला, आई, खूप केलंस, आता आराम कर. रुपल चांगली मुलगी आहे, माझ्या पाया पडून जाते, आल्यावर भाव सांगते. मी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोंबलांवरचे कावळे हाकते. मला राग येतो, रिया. तिचा येतो, तुझा येतो, तुम्हा सगळ्यांच्या चांगुलपणाचा येतो. माझ्या डोळ्याला काय झालं ते तुम्हा सगळ्यांना कळलं, मला काय झालं ते एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

असो. प्रकृतीला जप, वेळेवर जेव, उंदरांना फार जीव लावू नकोस. पत्रात काही लागलं असेल तर लागू दे.

तुझी,
नर्मदा आत्या

ता. क. विष तीन-चार महिन्यांनी उतरतं आणि दोऱ्या पुन्हा होतात म्हणाली होतीस. झाल्या. तोंड अजून अर्धंच हलतं, पण पापणी मिटते. वापीचा डॉक्टर पुढच्या सुईला बोलावतोय. तू रुपलला फोन कर आणि तुझ्या त्या डॉक्टरी आवाजात, मधेमधे इंग्रजी घालून सांग, की आत्या पूर्ण बरी झाली, आता सुई नको, आणि तिला तिच्या जागेवर बसू द्या. माझं कोणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.

आणखी एक. बरी झाले हे खोटं आहे. परवापासून डोळा परत फडफडतोय, आधीपेक्षा जास्त. मी घरात त्या बाजूने पदर घेऊन फिरते. तरी तू सांग. रोज अख्खा ढीग माझ्या गळ्यात पडला तरी पडू दे, मी सुकवीन, खारवीन, खड्ड्यात पुरीन, पण खांबाशी बसून. रुपल दुपारी बारानंतर मोकळी असते.