एका घरात दोन बाटल्या

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं मलाच शोभत नाही. मेलेल्या माणसाशी वैर धरू नये म्हणतात. पण परवा आमच्या मनीषनगरातल्या सोसायटीच्या कार्यक्रमात तुमचा एक जुना विद्यार्थी माईक धरून उभा राहिला आणि तुमचं गुणगान सुरू झालं. सर म्हणजे देवमाणूस, सरांनी आपल्या गोरगरीब रुग्णांच्या आजारावर उभं आयुष्य वेचलं, वगैरे वगैरे. सगळे टाळ्या वाजवत होते. मी उठून घरी आले आणि ओट्यावर भांडी आदळत बसले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. त्याला काय सांगणार? ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही, आणि होता तेव्हा त्याने ऐकलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

माझी माय तुम्हाला आठवायचं कारण नाही. तुमच्या ओपीडीच्या रांगेत तिच्यासारख्या कितीतरी बायका उभ्या असायच्या. चीनची लढाई होऊन गेली होती, हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं, आणि तिथून ती आम्हा दोघा भावंडांना घेऊन पायी तुमच्या दवाखान्यात यायची. भाऊ माझ्याहून मोठा, पण वाटेत त्याचे गुडघे दुखायला लागले की ती त्याला पाठीवर घ्यायची आणि मी तिचा पदर धरून चालायची. दोघांनाही एकच आजार, रक्ताचा. सिकलसेल हे नाव आम्हाला तुम्हीच सांगितलं, त्याआधी वस्तीत त्याला नुसतं हाडं दुखणं म्हणायचे. थंडी पडली की आम्ही दोघं आळीपाळीने विव्हळायचो, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे, आणि माय चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आमचे सांधे शेकत बसायची. सकाळी पुन्हा संत्रा मार्केटात माल निवडायला जायची. तक्रार तिच्या तोंडून कधी ऐकली नाही, शिव्या मात्र भरपूर ऐकल्या, त्याही बहुतेक त्या आजारालाच असायच्या.

तुम्ही एक नवीन गोळी तपासून पाहत होता. मायला तुम्ही एवढंच सांगितलं, "नवीन औषध आहे बाई, फुकट मिळेल. फक्त दर महिन्याला मुलांचं रक्त द्यावं लागेल." ती हो म्हणाली. फुकट औषधाला कोण नाही म्हणतं? पण निम्म्या लेकरांना खरी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खडूची गोळी द्यायची, म्हणजे खरीचा गुण येतो की नाही ते कळतं, हे तुम्ही तिला सांगितलं नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, सर. असं का करावं लागतं हे मला कळतं. कोणाला कोणती गोळी ते देणाऱ्यालाही माहीत नसावं, तेही कळतं. पण एका मायची दोन लेकरं समोर उभी असताना त्यातलं एक इकडे आणि एक तिकडे टाकलं गेलं, आणि तुमच्या मनात शंकासुद्धा आली नाही? भावाच्या बाटलीवर लाल चिठ्ठी, माझ्या बाटलीवर हिरवी. ज्याची त्याला द्यायची, असं कंपाउंडरने बजावलं आणि पुढच्याला हाक मारली.

त्या संध्याकाळचं मला अजून दिसतं. माय चुलीसमोर बसली आहे, दोन्ही बाटल्या तिच्यापुढे आहेत. भाऊ मला चिडवतो आहे, "माही लाल हाय, तुही हिरवी, तुही फालतू." मी भोकाड पसरते. माय आम्हा दोघांकडे बघते, मग उठते, चहापत्तीचा रिकामा डबा फडक्याने कोरडा पुसते आणि दोन्ही बाटल्या त्यात उपड्या करते. "घ्या आता," ती म्हणते, "एका घरात दोन पंगती नाही बसवत मी." हे वाक्य तिने सहज म्हटलेलं नव्हतं. लहानपणी ती एका मोठ्या घरच्या लग्नात जेवायला गेली होती. सगळ्यांचं झाल्यावर, मांडवाच्या बाहेर, वेगळ्या भांड्यातलं, वरून टाकलेलं. पुढे आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा तीही बापाबरोबर मैदानावर गेली होती, आणि घरी येऊन तिने ठरवलं की माझ्या हाताने कोणालाही वेगळं वाढायचं नाही. शेजारची म्हातारी आली तरी तिला आमच्यातलंच, आमच्याच भांड्यातून. अशा बाईच्या हातात तुम्ही दोन चिठ्ठ्यांच्या दोन बाटल्या दिल्या.

महिना झाल्यावर तुम्ही विचारलं, गोळ्या किती उरल्या. मायने मोठ्या दिमाखाने डबा तुमच्या टेबलावर ठेवला. "दोघाइलेबी बरोबरीनं देल्या जी. एक दिवस खाडा नाही केला." तुम्ही डबा उघडला, आत पाहिलं आणि तुमचा चेहरा बदलला. "अहो बाई, अक्कल आहे का तुम्हाला? सगळ्या कामाची माती केलीत!" माय गोंधळली. "काहून जी? काय चुकलं माहं?" तुम्ही तिला उत्तरसुद्धा दिलं नाही. मागे वळून म्हणालात, "यांची नावं काढून टाका." सगळी रांग मान वर करून आमच्याकडे पाहत होती. मायने विचारलेलं खरं तर फार साधं होतं. काय चुकलं ते सांगायला कितीसा वेळ लागला असता? बरं, चुकलं तरी कोणाचं? भावंडांना वेगळं वाढणारी माय तुम्ही कुठे पाहिली होती? तुमच्या घरी वाढायचे का तसं? चूक तुमच्या मांडणीची होती, आणि अक्कल काढली तिची.

त्याच हिवाळ्यात भावाला ताप भरला, छाती दुखायला लागली, श्वास पुरेना. तुमच्याच वॉर्डात तो गेला. माय व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्या मांडीला चिकटून. तुम्ही बाहेर आलात. थकला असाल, तुम्हालाही वाईट वाटलं असेल, मी ते अगदीच नाकारत नाही. तोवर तुम्ही कोणती गोळी कोणाची ते उघडून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "खरं औषध मुलाच्या बाटलीत होतं. तुम्ही त्यातलं अर्धं मुलीला घातलंत." आणि तुम्ही निघून गेलात. एवढं एक वाक्य बोलायला बरा वेळ मिळाला तुम्हाला.

ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं, सर. भावाच्या दिवसाच्या कार्यक्रमात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पोट्ट्याच्या तोंडचं काढून पोट्टीले चारलं इनं." माय कोणाशीही दोन हात करायला कमी नव्हती, पण त्यावर तिने तोंड उघडलं नाही. मी शाळेत पहिली आले की ती खूश व्हायची आणि लगेच गप्प व्हायची. अभ्यासाचा कंटाळा केला की म्हणायची, "त्याच्या वाट्याचं खाऊन वाचली तू. आता वाया नको जाऊ वं." तिला ते जिव्हारी लागावं असं वाटत नसे, ती मला धीरच देत होती. पण मी भावाचं औषध खाऊन जगले, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. मी डॉक्टर झाले ते हुशार होते म्हणून, असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

मग आणीबाणीच्या आगेमागे मी तुमच्याच कॉलेजात आले. तुम्ही मला ओळखलं नाहीत, ओळखणार कसे? एका सकाळी तुम्ही औषधांची तपासणी कशी करावी हे शिकवत होता, आणि वर्ग पेंगायला लागला म्हणून गंमत सांगितलीत. एका बाईने दोन्ही गोळ्या एकत्र करून पोरांना चिवड्यासारख्या वाटल्या म्हणे. वर्ग खदखदून हसला. माझ्या शेजारची तर डोळे पुसत होती. मी वही मिटली, पण उठून जायच्या आधी तुमचं पुढचं वाक्य कानावर पडलं. तुम्ही अगदी सहज म्हणालात, "अर्थात शेवटी त्या गोळीचा काहीच उपयोग दिसला नाही. गोळी आणि खडू, दोन्ही सारखेच निघाले."

सारखेच! म्हणजे भावाने लाल बाटलीतल्या सगळ्या गोळ्या एकट्याने खाल्ल्या असत्या तरी तो गेलाच असता. म्हणजे मी कोणाचं काही खाल्लं नव्हतं आणि मायने कोणाचं काही काढून घेतलं नव्हतं. आणि हे तुम्हाला माहीत होतं. किती वर्षांपासून, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. परिषदांमधून सांगितलं असेल, छापलं असेल, वर्गात सांगून झालं होतं. फक्त हुडकेश्वरला सांगायचं राहिलं होतं.

मी पुढचा तास बुडवून घरी धावले. माय तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "तू माहं मन राखून राहिली वं." मी शपथा घातल्या, भांडले. ती म्हणाली, "तू माही पोरगी. तू तं असंच म्हणशीन. ज्यानं सांगतलं होतं ना, त्यानं म्हटलं तं मानीन."

म्हणून मी तुमच्या केबिनमध्ये आले, आठवतं? मी कोण ते सांगितल्यावर तुम्ही चष्मा काढलात. "अरेरे, ती तुझी आई का," म्हणालात. मी म्हटलं, सर, एकदा घरी चला, किंवा तिला इथे आणते, फक्त एवढंच सांगा की गोळीत काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, बघू. महिनाभराने पुन्हा आले. म्हटलं, येणं जमत नसेल तर एका पोस्टकार्डावर एक ओळ लिहा, तिला वाचता येत नाही पण तुमची सही मी दाखवीन. तेव्हा तुम्ही जरा चिडलात. "असं लेखी देता येत नसतं. उद्या कोणी म्हणेल, संशोधनातच चूक झाली. आणि आता तिला हे सांगून काय मिळणार? जुनी जखम उकरू नये." जखम कोणाची, सर? ती बुजलेली आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी हे तुमच्या तोंडावर बोलले नाही. तोंडी परीक्षेत तुम्हीच समोर बसणार होता.

आणि तुम्ही सरळ वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं. तिसऱ्या वर्षाला मला आजाराचा जोराचा अटॅक आला, हाडं फुटतील असं दुखत होतं, तेव्हा तुम्ही घरून स्वतःची घोंगडी आणून माझ्या अंगावर टाकलीत आणि नर्सवर ओरडलात की या मुलीला दुखायला नको. माझी हजेरी कमी पडली तेव्हा सांभाळून घेतलीत. तुमच्याकडूनच मी शिकले की रुग्णाच्या पोटाला हात लावायच्या आधी आपले हात चोळून गरम करावेत. मी अजून करते. एवढी दया तुमच्याजवळ होती, तर मग एका बाईला एक ओळ द्यायला काय झालं होतं? ती घोंगडी आठवली की मला जास्तच संताप येतो.

माय पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी खाटेला खिळली. पोटात गाठ होती, फार काळ उरला नव्हता. एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून भावाशी पुटपुटत होती, "बाबू, माह्याकडून चुकलं रे." मला ते ऐकवेना. मी कॉलेजातून नुकतीच आल्यासारखं करून तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "माय, सर भेटले. त्याइनं स्वतःहून मले बोलावलं." ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "म्हणाले, तुह्या मायले सांग, त्या गोळीत काही दम नव्हता. चूक माही होती, तुह्या मायची नाही. म्हणाले, माफ करा म्हणा."

माय कितीतरी वेळ माझं तोंड न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "माफी काहून मांगतेत बिचारे? एवढा मोठा माणूस." तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. त्या रात्री ती शांत झोपली. तिने मानलं, सर. तुमचा शब्द म्हणून मानलं.

बुद्ध पौर्णिमेला ती हट्टाने उठली. भिंत धरून चुलीपाशी गेली, तांदळाची खीर केली, तिची तिने, मला हात लावू दिला नाही. पहिला डबा तुमचा भरला. "गरम हाय तोवर देजो त्याइले. माह्या मनात काही नाही म्हणून सांगजो." मी सायकल काढली आणि तुमच्या बंगल्यापर्यंत आले. तुम्ही व्हरांड्यात कोणाशी तरी हसत बोलत होता. फाटक उघडं होतं. मी आत यायचं म्हणून उतरले, आणि माझा पायच उचलेना.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या मुलाचा पत्ता मिळेल, पण त्या बिचाऱ्याने काय केलं आहे? आमच्या नात्यात तुम्ही अजून माफी मागणारा मोठा माणूस म्हणून ओळखले जाता, कारण माय जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होती, आणि मी कधी खोडून काढलं नाही. पण एक तुम्हाला माहीत असावं. त्या दिवशी तुमच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून मी तो डबा उघडला आणि सगळी खीर खाल्ली, बोटाने निपटून. घरी जाऊन मायला सांगितलं, त्याइले फार आवडली. तेव्हाही लाज वाटली नव्हती, आणि आज ती खीर पुन्हा माझ्या हातात आली तरी त्यातली चमचाभरसुद्धा मी तुम्हाला देणार नाही.