पाठ टेकायला जागा

आये, चवथ तोंडावर आली आहे आणि या वर्षी मी मागच्या पडवीतल्या खांबाला रंग लावलेला नाही. बाकी सगळं घर रंगवलं. भिंती झाल्या, दारं झाली, तुळशीचं वृंदावनसुद्धा झालं. तो एक खांब तेवढा उघडा ठेवला आहे आणि आरतीला येणारा प्रत्येक जण त्यावरून मला चार शब्द ऐकवणार हेही ठाऊक आहे. तुझ्याशी असं पुस्तकी मराठीत बोलताना माझं मलाच हसू येतंय. आपल्या दोघांत जे काही बोलणं झालं ते मालवणीत, आणि तेही बहुतेक तुझे हुकूम आणि माझे नकार. पण हातात पेन आलं की शाळेतल्या मास्तरांची भाषा येते, त्याला माझा इलाज नाही.

मी अजून खुर्च्याच करतो. गोठ्यामागच्या मांगरात आता माझं वर्कशॉप आहे. मी केलेल्या खुर्च्यांना लोक शिल्प म्हणतात, आणि शिल्प म्हणून काही केलं तर त्यावर बसून बघतात, त्यामुळे माझं नेमकं काम काय हे मला कुणाला नीट सांगता येत नाही. शिरोड्याच्या एका हॉटेलात माझी बाकं आहेत. पर्यटक त्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. मला राग येत नाही, कारण याची सवय मला तू लावलीस. कॉलेजातून मी माझी पहिली खुर्ची घरी आणली तो दिवस आठवतो ना? वाकवलेल्या लाकडाची, एकही खिळा नसलेली. एस.टी.च्या टपावरून ती उतरवताना मी कंडक्टरला हात लावू दिला नाही. तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस, हाताने दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "बरी आसा." मी म्हटलं, बस तरी. तू म्हणालीस, "मगे बसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर खुर्ची खळ्यात उन्हात, आणि तिच्यावर सुपात आमसुलं वाळत घातलेली. मी आरडाओरडा केला. तू शांतपणे म्हणालीस की एवढी उंच आणि वारा खेळणारी जागा घरात दुसरी नाही, मुंग्यासुद्धा चढत नाहीत. ती खुर्ची अजून आहे. बैठकीवर कोकमाचा जांभळा डाग आहे. तू मात्र तिच्यावर कधीच बसली नाहीस, आणि तुझं ते 'मगे' राहून गेलं.

गेल्या वर्षी मुंबईहून एका तरुण मुलीचा फोन आला. ती आणि तिचे सोबती मिळून एक प्रदर्शन भरवत होते. कल्पना अशी की प्रत्येक कलाकाराने एकाच माणसासाठी एक आसन करायचं. माणूस जिवंत असो की नसो. मी क्षणात हो म्हटलं आणि तुझं नाव सांगितलं. फोन ठेवला आणि मग कामाला बसलो तो अडकलोच. खुर्चीचं सगळं मर्म पाठीत असतं. बैठक कुणालाही जमते, पण माणूस कसा टेकतो हे कळल्याशिवाय पाठ करता येत नाही. तो थोडा कलतो, की ताठ बसतो, की एका खांद्यावर रेलतो. मी डोळे मिटून तुला आठवत बसायचो. तू चुलीपुढे वाकलेली दिसायचीस. विहिरीवर, भाताच्या वाफ्यात, केरसुणी घेऊन अंगणात, सगळीकडे वाकलेली. जेवायला आम्हा सगळ्यांना पाट असायचा. पाहुण्याला फुलं कोरलेला, बाबांना रुंद, मला आखूड. तू पाटावर बसलेली मला आठवत नाही. तू बसायचीस ती फक्त आडाळ्यावर, त्या फळीच्या विळीवर, नारळ खवायला, आणि आडाळ्याला पाठ नसते. तुझी टेकलेली पाठ मी जन्मात पाहिली नव्हती. या एका गोष्टीने मी जेवढा एकटा पडलो तेवढा तू गेलीस तेव्हाही पडलो नव्हतो. तेव्हा घरात माणसं होती, बाबा होते, करायची कामं होती.

असाच मांगरात बसून असताना एकदा भजनाच्या तालमी आठवल्या. पुढच्या पडवीत बाबांची मंडळी जमायची, पेटी, झांजा आणि बाबांचा पखवाज. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक तू मळून द्यायचीस. पोळीच्या कणकेपेक्षा ती सैल लागते, हे मला तुझ्याकडून कळलं. मी मधल्या दारात बसलेलो असायचो. बाहेर वाजवणं रंगात आलेलं असायचं, कुणाच्या काही लक्षात यायच्या आधी तू आतून हाक मारायचीस आणि माझ्या तळहातावर कणकेचा गोळा ठेवायचीस. "ही घे, बापाशीक नेवन दी. पखवाज पोकळ वाजता." मी तो नेऊन द्यायचो. बाबा कणीक चढवायचे, थाप मारायचे आणि मंडळींकडे बघून मान हलवायचे, जणू त्यांनाच ते सुचलं होतं. तू बाहेर येऊन कधी बसली नाहीस. बायकांनी तिथे बसायची पद्धत नव्हती आणि तुला कुणी बोलावलंही नाही. मी लाकडावर टिचकी मारून आवाज ऐकतो, आत पोकळ आहे का ते बघतो, तेव्हा मला वाटतं ही विद्या कॉलेजातली नाही. पण तेव्हा माझ्या मनात कधी आलं नाही, की तू हे सगळं ऐकत होतीस ते नेमकं कुठे बसून.

आता खांबाची गोष्ट सांगतो. तू असेपर्यंत तो फणसाचा खांब नुसताच होता. तू गेलीस त्या वर्षी बाबांनी हौसेने सगळ्या लाकडांना तपकिरी ऑइलपेंट लावला. पुढच्या चवथीपर्यंत सगळीकडे रंग टिकला, पण मागच्या पडवीतल्या खांबाचा एका जागी गेला. कंबरेच्या खाली, वाटीएवढ्या जागेत. बाबांनी कणकवलीच्या रंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसरा डबा आणला. तोही गेला. मग दर चवथीला तेच. बाबा रंगवाल्याला शिव्या देत गेले आणि त्यांच्यामागे मी खाऱ्या वाऱ्याला देत गेलो. मुंबई सोडून मी इथे कायमचा राहायला आलो तेव्हा मी त्या खांबाला माझं सगळं शिक्षण दाखवलं. घासून काढला, अस्तर दिलं, परदेशी रंग दिला. पहिल्या पावसाळ्यात पापुद्रा सुटला आणि खाली पुन्हा तेच काळपट, गुळगुळीत लाकूड दिसू लागलं. खांबाला काय झालं आहे हे मला कळत नव्हतं आणि लोक माझ्याकडे लाकडातलं विचारायला येत होते.

यंदा वैशाखात मी पुन्हा तो खरवडायला बसलो होतो. शेजारची काकी अळूची पानं न्यायला मागीलदाराने आली. तिला आता नीट दिसत नाही, पण मी काय करतोय ते आवाजावरून तिला कळलं. "रंग खंयसून रवतलो रे थंय?" ती म्हणाली. "आवस तुझी थंय टकली टेकून बसायची. इतक्या वर्सांचा त्याल मुरलाला आसा." तुझ्या केसांचं तेल. मी पत्ती खाली ठेवली. मी विचारलं, कधी बसायची? मी तर कधी पाहिली नाही. काकीने पायरीवर बूड टेकलं आणि सावकाश सांगितलं. बाहेर भजन सुरू झालं की तू नारळ खवून घ्यायचीस आणि मग आडाळ्याची पाती मिटून त्याच फळीवर, खांबाला पाठ लावून, पाय लांब करून बसायचीस. डोळे मिटून. काकी कधी विरजण मागायला आली तर तिला दिसायचीस. पखवाज फिरून जागेवर आला की तू डोकं अलगद मागे खांबाला लावायचीस, दर वेळी, न चुकता. काकीने स्वतःचं पांढरं डोकं हवेत तसं करून दाखवलं. मी विचारलं की मग आडाळ्यावरच का, चटई होती, पाट होते. काकी हसली. "रिकामी बसलेली बायलमाणूस कोणाक बरी दिसता रे? आडाळो खाली आसलो काय काम चल्लासा वाटता. कोणाची चाहूल लागली काय पाती उघडायची."

काकी गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. मला रडू आलं ते तू दमलेली होतीस म्हणून नाही. तुला बसायला जागा होती, तुझं तू गाणं ऐकत होतीस, समेवर येत होतीस, आणि हे एका भिंतीपलीकडे बसलेल्या मला, बाबांना, त्या सगळ्या गाणाऱ्या मंडळींना माहीतच नव्हतं. ज्यांच्या पखवाजाला तू घुमारा आणलास त्यांना समेवर आणखी एक डोकं हलतंय हे कधी कळलं नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की लाकडातलं नको ते काढून टाकलं की शिल्प उरतं. तू काहीच काढलं नाहीस. नुसती टेकत राहिलीस.

मग माझ्यातला कारागीर जागा झाला, तुला खोटं कशाला सांगू. वाटलं, खांबाचा तेवढा तुकडा कापून काढावा आणि तुझ्या आसनाची पाठ म्हणून तोच लावावा. वरचे वासे धरायला दुसरा टेकू द्यायचा, आठ दिवसांचं काम. खुणासुद्धा केल्या. काकीला सांगितलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा लहान होऊन जेवणाच्या पाटावर ताल धरतोय आणि त्याबद्दल कुणीतरी कान पिळतंय असं वाटलं. "आणि घर कशार रवतला?" एवढंच म्हणाली. मी खुणा पुसल्या. त्याऐवजी फणसाचीच एक बुटकी फळी केली, तुझ्या आडाळ्याच्या मापाची, आणि तिच्या मागे एक साधा उभा खांब. पॉलिश नाही, रंग नाही. पाठीला बसेल असा कुठलाही बाक दिला नाही. म्हटलं, येणारे जाणारे बसतील, टेकतील, त्यांची डोकी लागतील, हळूहळू त्याचं ते होईल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं असं मला वाटलं, आणि तसं सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी ते काकीला जाऊन सांगितलं. तिने अळूवडी दिली.

प्रदर्शन बघायला मुंबईला गेलो. तुझं आसन एका कोपऱ्यात वर दिवा सोडून ठेवलं होतं. सुंदर दिसत होतं. त्याच्यापुढे दोरी बांधली होती आणि पाटी होती, कृपया हात लावू नये. मी त्या मुलीला म्हटलं, अगं, हे बसण्यासाठी आहे. ती भली मुलगी, ओशाळली. म्हणाली, "सर, कच्चं लाकूड आहे, लोक टेकले तर डाग पडतील." समजावायचं तर या पत्राएवढं बोलावं लागलं असतं. लोक दोरीपलीकडून फोटो काढत होते. एक तुझ्या वयाची बाई बराच वेळ उभी होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत. तिला बसायचं होतं असं मला वाटलं. तू असतीस तर निदान त्याच्यावर आमसुलं तरी वाळत घातली असतीस.

परत आलो तो पाऊस ओसरला होता आणि घर रंगवायचं राहिलं होतं. सगळं रंगवून झाल्यावर त्या उघड्या खांबापाशी आलो, ब्रश खाली ठेवला आणि बसलो. मी तुझ्यापेक्षा उंच. तुझ्या जुन्या आडाळ्याच्या फळीवर बसलो तर माझं डोकं डागाच्या बरंच वर जातं. फळी बाजूला केली, जमिनीवर बसलो, पाय लांब केले, तेव्हा डोकं बरोबर तुझ्या जागेवर टेकलं. इतकी वर्षं लोकांना बसायला जागा करून देतोय आणि मला बसायला शेणाने सारवलेली ती जमीन पुरली. आता पुढच्या पडवीत कुणी वाजवत नाही. बाबांचा पखवाज खुंटीवर आहे, त्याचं कातडं उंदरांनी कुरतडलंय. वरच्या कातळाच्या सड्यावरून वारा येतो तेवढाच आवाज. तरी मी रोज तिन्हीसांजेच्या आधी तिथे बसतो. लहानपणी तू तेलाची वाटी घेऊन मागे लागलीस की मी माडावर चढून बसायचो, आणि पुढे तर कधीच डोक्याला तेल लावलं नाही. परवा आपल्याच नारळांचं तेल घाण्यावरून काढून आणलं. रोज लावतो. डाग पुसट व्हायला लागला होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. काल असाच डोळे मिटून बसलो होतो. मागीलदारी पावलं वाजली. काकीच होती, अळूसाठी आलेली, जिला धड दिसतही नाही. आणि मी चटकन आडाळा पुढ्यात ओढला, पाती उघडली आणि वाकून बसलो. घरात खवायला नारळ नव्हता.