गिरमिट मुठीपर्यंत गेलं

सूनबाई,

आज धाकटीला कोपऱ्यावरच्या मोठ्या झाडाखालून शाळेत नेऊ नकोस, मागच्या गल्लीने ने. ही थाप नाही.

ते झाड आतून पोकळ आहे, त्यात एक बोकड शिरला आणि दाढी करून बाहेर आला, असं मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. मागच्या महिन्यात झाड पोकळ असल्याचं ऐकून ते तोडणारी माणसं आली, तेव्हा मीच आडवा पडलो. पोकळबिकळ काही नाही, ती माझी लोणकढी होती, असं शपथेवर सांगून त्यांना परत पाठवलं.

आज पहाटे खात्रीसाठी बुंध्याला भोक पाडायचं गिरमिट लावलं. दोन बोटं लाकूड लागलं, मग ते मुठीपर्यंत सरळ आत गेलं.

वारा वाढतोय. त्या झाड तोडणाऱ्यांच्या मुकादमाला फोन केला, तर हसून म्हणाला, "काय आजोबा, बोकड परत आला का?"

गिरमिट ओट्यावर ठेवलंय. त्याला लागलेला काळा, कुजका भुसा पुसू नकोस, तसंच नेऊन मुकादमाच्या टेबलावर ठेव. तोवर मी झाडापाशी उभा राहून पोरांना हाकलतो.

पण मला बघितलं की ती गोष्टीसाठी बुंध्यालाच टेकून बसतात. उशीर करू नकोस.