फणसाच्या लाकडाचा रॅक

कोसबाड,
गुरुवार, १२ मार्च २०२६

प्रिय सुषमा,

तुला आणि तुझ्या पोटातल्या बाळाला वहिनीचे खूप खूप आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळी धडधाकट आहेत.

हातात फोन असताना ही बाई कागद का काळे करत बसलीय, असं तुला वाटेल. अगं, फोनवर मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे ना? समोरच्याला हूं म्हणायची फुरसत देत नाही. होळीपासून तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा ऊन, पाणी, मोहोर, पोरांची परीक्षा असं जगातलं सगळं बोलले आणि जे बोलायचं होतं तेवढंच गिळून फोन ठेवला. कागद निदान मधेच "बरं वहिनी, ठेवते" म्हणत नाही.

तुझा दादा रविवारी तलासरीला येईल. त्याच्या पिशवीत गोधडी आहे आणि गोधडीच्या घडीत हे पत्र. त्याने वाचलेलं नाही. बायकांचं आहे, एवढंच त्याला सांगितलंय.

आता इकडचं. दिपकचा पुढचा दात पडला, तो हसला की मला हसू आवरत नाही. रूपीला शाळेच्या नाचात घेतलंय, त्यामुळे घरात दिवसभर धांगडधिंगा. आईंचा उजवा गुडघा जास्तच धरलाय, पण त्या बाई बसतायत कुठे! तुझी पूर्वेकडची खोली त्यांनी स्वतः सारवली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. डिंक आणून ठेवलाय, अळीव आणलेत. ओवा निवडतायत, रोज थोडा थोडा. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवून सांगतात, "सुषमा येतेय हां, एप्रिलात आणणार तिला."

मीही गप्प बसलेली नाही. माझं खूळ तुला माहीत आहे, मला काही म्हणून फेकवत नाही. ही गोधडी आहे ना, ती आईंच्या तीन जुन्या लुगड्यांची आणि माझ्या दोन साड्यांची आहे. आतला थर बाबांच्या सदऱ्यांचा, मऊ लागेल. वाडीतली चिकूची लाकडी खोकी पडून होती, ती पॉलिश पेपरने घासून चार एकावर एक ठोकली आणि बाळाच्या कपड्यांचं कपाट केलं. फाटक्या मच्छरदाणीची खिडकीला जाळी लावली. आई म्हणाल्या, "माझे गुडघे वाकत नाहीत, नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ कशी घालू?" मग रिक्षाचा जुना टायर आणला, त्याला सुतळी गुंडाळली, वर गोणपाटाची गादी शिवली. बुटकं बसकं झालंय, आई त्यावर बसून पाय पसरून बघतात, मधेच मांडीवर उशी ठेवून तिला चोळतात. हसून हसून पुरेवाट झाली आमची.

खरं सांगू? एक मोठी वस्तू मोडून बसलेय, म्हणून ह्या लहान लहान वस्तू करत सुटलेय.

परवा नितीनभावोजींचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, ती तिकडे येत नाही म्हणते. बाळंतपण इथेच करू." मी विचारलं का, तर म्हणाले, "कारण सांगत नाही. मन नाही म्हणते." आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. सूप बाजूला ठेवलं आणि त्या उठून अंगणात गेल्या. संध्याकाळी मला विचारतात, "निलम, माझं काही चुकलं का गं? नऊ वर्षांनी पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि ती माहेरी यायचं नाही म्हणते?"

मी म्हटलं, "नाही हो आई, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं असेल."

बघ, पुन्हा खोटं बोलले. माझ्या जिभेला सवयच लागलीय.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. ह्या घरात आज सकाळपर्यंत फक्त मलाच माहीत होतं.

(मधे उठून चहा करून आले. चहा कसला, पळ काढला होता. आता मात्र लिहून संपवते.)

सुषमा, बाबांचा पाळणा मी मोडला तेव्हा सगळ्यांना सांगितलं की त्याला वाळवी लागली होती. आईंना तेच, दादाला तेच, तुलाही फोनवर तेच. वाळवी लागली नव्हती. एका गजालासुद्धा नाही. ठणठणीत होता तो.

गेल्या वर्षी महिला दिनाला आमच्या बचत गटाची "टाकाऊतून टिकाऊ" स्पर्धा होती. बाकीच्या बायका बाटल्यांची फुलं आणि बांगड्यांची तोरणं करणार होत्या. मला काहीतरी मोठं करायचं होतं. सगळ्यांनी बघत राहावं असं. आई तेव्हा आठ दिवस बहिणीकडे डहाणूला होत्या, हिराबाई मावशींचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. दादा वाडीत. मी माळ्यावर चढले. पाळणा बाबांच्या धोतरात गुंडाळून ठेवलेला होता, आईंनीच गुंडाळला होता, बाबा गेले त्या वर्षी.

बाबा सुतार नव्हते, तरी अंगणातला फणस पडला तेव्हा त्याच्या लाकडाचा पाळणा त्यांनी स्वतः केला, दादा व्हायच्या आधी. उशाच्या फळीवर दोन पोपट कोरले, त्यातल्या एकाची चोच वाकडी झाली. ही गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हा तूच मला सांगितलीस. त्याच पाळण्यात दिपक झोपला, रूपी झोपली. तू यायचीस तेव्हा मला म्हणायचीस, "वहिनी, तू जरा पड, मी झुलवते." आणि मी खुशाल पाय पसरून झोपायचे. तासतासभर झुलवायचीस तू माझी पोरं.

ते सगळं माहीत असून मी धोतर सोडलं. माझं तर ऑपरेशन झालेलं, मला आता लागणार नव्हता. आणि तुझ्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी मनात म्हटलं, आता तिला कसलं होतंय.

हेच ते. ह्याच वाक्यासाठी एवढे कागद लागले. दुसऱ्या कुणी तुझ्याबद्दल असं म्हटलं असतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. लोकांसमोर मी म्हणायचे, "होईल हो, देवाच्या घरी उशीर आहे, अंधेर नाही." तुझ्यासाठी महालक्ष्मीला नवस बोलले होते, तुझ्यादेखत. आणि माळ्यावर एकटी असताना तुझा विषय मी एका वाक्यात संपवला.

करवत लावली तर लाकूड इतकं चिवट की तिचे दोन दात गेले. तेव्हा तरी थांबायचं! नाही थांबले. गज कापले, बाजूच्या पट्ट्या कापल्या, तीन कप्पे केले, वर वॉर्निश मारलं. पोपटांची फळी एका बाजूला शोभेला लावली. चपला ठेवायचा रॅक. पाळण्याचा चपलांचा रॅक केला मी, सुषमा. पहिला नंबर आला. इडलीपात्र मिळालं. परीक्षक म्हणून आलेल्या गुजराती बाई रॅकवर हात फिरवून म्हणाल्या, "बहु सरस!" आणि मी फुगले.

मग भाऊबीज.

तू रिक्षातून उतरलीस तीच पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन. मी दारातूनच ओरडले, "अगं, एवढे पेढे कशाला? भाऊबीजेला कुणी पेढे आणतं का?" तू हसत होतीस. तुला असं हसताना मी किती वर्षांनी बघितलं होतं. म्हणालीस, "सांगते गं, आधी घरात तर येऊ दे."

चपला काढायला वाकलीस आणि तशीच राहिलीस. पोपटांवरून बोट फिरवलंस.

"वहिनी, हा पाळणा ना?"

आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. मला तर शब्दन्‌शब्द आठवतो. "हो गं! ओळखलास? पहिला नंबर आला ह्याला! आता कुणाला लागणार होता, पडून पडून वायाच गेला असता. ठेव ना चपला, त्यासाठीच केलाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. वाळवीची थाप मारलीय हेसुद्धा त्या घाईत विसरले.

तू चपला हातात धरून उभी होतीस. मग मागे गेलीस आणि पायरीखाली ठेवल्यास. पेढे देवापुढे ठेवलेस. दादाला ओवाळलंस, दोन घास खाल्लेस. मी विचारलं, "काय सांगणार होतीस?" तर म्हणालीस, "काही नाही. विसरले." नेहमी दोन दिवस राहतेस, त्या दिवशी चारच्या गाडीने गेलीस. आणि मी तुझ्यामागे आईंना म्हटलं, "सासरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय."

संक्रांतीच्या सुमारास भावोजींचा फोन आला, पाचवा लागलाय म्हणून. आई रडल्या, दादाने वाडीत सगळ्यांना गूळ वाटला. मी तीळकूट करत होते. हात चालू आणि मनात महिने मोजत होते. जानेवारी पाचवा, डिसेंबर चौथा, नोव्हेंबर तिसरा. ऑक्टोबर आला आणि मला तो पेढ्यांचा पुडा आठवला. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. नऊ वर्षं थांबून ती बातमी तू सगळ्यात आधी आपल्या घरात सांगायला आली होतीस. मी तुला चपला ठेवायला सांगितल्या.

मला लाज वाटते, सुषमा. इतकी वाटते की तुझ्या आवाजाला भिते. ते इडलीपात्र जानेवारीपासून फडताळात पालथं पडलंय. इडल्या करायचा धीर होत नाही.

आज सकाळी आईंना सगळं सांगितलं. त्या ओवा निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, पाळण्याला वाळवी नव्हती." त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "वाळवीचं लाकूड असं वाजतं होय? आले त्याच दिवशी टिचकी मारून बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून."

वर्षभर वाट बघितली त्यांनी, सुषमा. भाऊबीजेचंही सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांचा हात थांबला. मला वाटलं शिव्या घालतील, घालायलाच हव्या होत्या. म्हणाल्या, "मला सांगून काय होतंय? जिला सांगायचं तिला सांग."

रॅक मी सुटा केलाय. आम्ही सगळी आता चपला पायरीखालीच ठेवतो, तू ठेवल्या होत्यास तिथे. जीवन सुताराला तुकडे दाखवले. तो म्हणाला, "बाई, कापलेलं लाकूड वाढत नाही." पण पाळण्याच्या तळाची फळी अख्खी आहे. रॅकच्या सगळ्यात वर तीच होती, तिच्यावर कुंडी असायची, चपला कधी ठेवल्या नाहीत. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरंच नाही ठेवल्या. पोपटांची फळीही शाबूत आहे. ह्या दोन्हींभोवती नवं लाकूड घालून पाळणा होईल, असं जीवन म्हणतो. मी त्याला सांगितलं, थांब. ह्या वेळी विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. सगळं पुन्हा बाबांच्या धोतरात गुंडाळून ठेवलंय. पाळणा कर म्हणालीस तर करू, नुसतं राहू दे म्हणालीस तर राहील. नवा दुसरा पाहिजे असेल तर तोही आणू. तुझ्या बाबांचं लाकूड आहे, मी त्यात बोलणारी कोण?

आणि एक. माझं तोंड बघायचं नसेल म्हणून तू येत नसशील तर तसं सांग. तू यायच्या आदल्या दिवशी मी रूपीला घेऊन कैनाडला माझ्या आईकडे जाईन. बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत येणार नाही. रागाने लिहीत नाहीये. घर तुझ्या बाबांचं, मी नंतर आलेली. माझ्या जिभेपायी तुझं माहेर तुटायला नको, आणि आईंची ओव्याची बरणी भरलेलीच राहायला नको. दिपकची परीक्षा आहे, तो दादाजवळ राहील. स्वयंपाकाला शेजारची शुक्री येईल, तिच्याशी बोलून ठेवलंय. पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

रविवारी दादा परत निघेल तेव्हा त्याच्याजवळ एवढंच सांग, वहिनीने पिशवी उचलावी की सोडावी. तू जे म्हणशील ते मी गुमान करीन. माझी काही तक्रार असणार नाही.

गोधडीचा आतला थर बाबांच्या सदऱ्यांचा आहे हे वर लिहिलंयच. ते सदरे मी आईंना विचारून घेतले. ह्या वेळी विचारले.

दरवेळी पत्राखाली, राखीच्या ओवाळणीच्या पाकिटावर, अगदी तुझ्या लग्नातल्या आहेराच्या चिठ्ठीवरसुद्धा मी "तुझीच वहिनी" असं लिहिलंय. आज हात धजत नाही. नुसतं नाव लिहिते, आणि त्याच्या आधीची जागा मोकळी सोडते. भरायची की नाही ते तुझ्या हातात.

. . . . . . . . . . . .
निलम