ज्ञानूच्या मूत्रपिंडाचा आणि ओढ्याकाठच्या तीस गुंठ्यांचा निकाल

मी, चिमाजी गेनबा कोंडे, वय ४९, धंदा ऑइल इंजिन दुरुस्ती, राहणार किकवी, तालुका भोर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. खालचा ओठ तेवढा शाबूत नाही.

१. घर व हत्यारे पत्नी सगुणाबाई हिला. माझे मापाचे व्हर्निअर शेजारच्या सर्जेरावास उसने देऊ नये. मागे त्याने व्हर्निअरने खिळा ठोकला होता.

२. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर १९७३ साली मुंबईस धाकटा भाऊ ज्ञानू याचे एक मला बसवले. ते चालू आहे. लघवी रोज मापून वहीत लिहिली आहे. अंगाने ते परके म्हणून टाकू नये यासाठी गोळ्या घेतो. यंदा ओठावर गाठ आली, व्हर्निअरने नऊ मिलिमीटर. तपासणीत कर्करोग निघाला. तंबाखू ज्ञानू खातो, मी सुपारीही नाही. जुन्या इंजिनाचा भाग दुसऱ्यात घातला की पहिल्याची खोड बरोबर येते, हे मला कोणी शिकवू नये.

डॉक्टर म्हणतात, दोष गोळ्यांचा. त्या गोळ्यांनी अंगाची राखण ढिली पडते, मग गाठीला फावते. ओठ कापू, गोळी कमी करू. पण बंद केलीत तर मूत्रपिंड जाईल. तंबाखूचा दोष झाकायला डॉक्टरांना ज्ञानूनेच पढवले असावे, असे धरून मी गोळी बंद करणार होतो.

ज्ञानूला तोंडावर विचारले. म्हणाला, "दादा, तंबाखू म्या गालात धरतो. खाली तिकडं न्हाई."

३. मूत्रपिंड दिले त्याच वर्षी त्याने ओढ्याकाठचे तीस गुंठे मागितले होते. ते मूत्रपिंड दान की सौदा, हे पाच वर्षे ठरेना. म्हणून काल परीक्षा घेतली. 'तीस गुंठे ज्ञानूस' असे लिहून त्याला वाचून दाखवले आणि बजावले, साक्षीदार म्हणून सही करील त्याला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असे मी पुस्तकात वाचले आहे. मग पेन पुढे केले.

"कुठं करू?"

ऐकले नसेल म्हणून पुन्हा सांगितले.

"समजलं की. गुंठं ऱ्हाऊ द्या. तुमी गोळी सोडणार न्हाई, तेवढं ह्यात घाला." आणि सही केली.

सगुणाबाई आतून म्हणाली, "झालं का मापून?"

४. गोळी आज सकाळी घेतली आहे. ओठ सोमवारी कापणार. तीस गुंठे ज्ञानूसच. म्हणून त्याची साक्ष रद्द. ऐनवेळी दुसरा मनुष्य मिळाला तो सर्जेरावच. तरी कलम एक कायम.

मुक्काम किकवी, ता. ८ मार्च १९७८
सही: चिमाजी गेनबा कोंडे

समक्ष साक्षीदार:
कुंडलिक शंकर बांदल
सर्जेराव मारुती धुमाळ
ज्ञानू गेनबा कोंडे (ही सही मी स्वतःच्या हाताने खोडली. चिमाजी)